कोड बरोबर, साल चुकलं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला मिनी प्रोजेक्ट करायचा आहे. विषय नेहमीचाच: कॉलेजच्या ग्रंथालयाची नोंदवही, लॉगइनच्या पानासकट. तो गूगलवर चार शब्द टाकतो, वरच्या तीन-चार निकालांपैकी एक उघडतो आणि तिथला कोड जसाच्या तसा उतरवतो. पानावर लेखकाने स्क्रीनशॉट दिलेला असतो, त्यात सगळं व्यवस्थित चाललेलं दिसतं. याच्या पडद्यावर मात्र एरर येते: या नावाचं फंक्शनच नाही. मुलगा कंस मोजतो, अर्धविराम तपासतो, शेवटी मित्राला फोन लावतो. मित्र दुसरं पान पाठवतो. तिथला कोड अगदी वेगळा, आणि त्याखालीही 'धन्यवाद सर, चाललं!' अशा प्रतिक्रिया.

आता यातलं खरं कोणतं? नवशिक्याची खरी अडचण इथेच आहे. दोन पानांपैकी बरोबर कोणतं हे कळायला विषय यावा लागतो, आणि विषय येत नाही म्हणून तर तो पान उघडून बसला आहे. तरीही यातून वाट निघते. मजकूर बरोबर आहे की नाही हे लगेच कळलं नाही, तरी त्या पानाने स्वतःला तपासून घ्यायची सोय ठेवली आहे का, हे नवख्यालाही दोन मिनिटांत कळू शकतं.

तो कोड तेव्हा चालत होता

पहिलं पान खोटं बोलत नव्हतं. ते लिहिलं गेलं तेव्हा पीएचपी या भाषेत मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलण्यासाठी डेटाबेसच्याच नावाने सुरू होणाऱ्या फंक्शनांचा एक संच होता आणि जगभर तोच वापरात होता. जून २०१३ मध्ये आलेल्या पीएचपी ५.५ ने त्यावर 'यापुढे वापरू नका' असा शिक्का मारला. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७.० आली आणि तो संच भाषेतून काढूनच टाकला. भाषा पुढे गेली, २००९ साली कुणीतरी लिहिलेलं पान मात्र जागचं हललं नाही.

गेल्या वर्षीची दिनदर्शिका भिंतीवर तशीच राहिली आणि तिच्यावर बघून कुणी संकष्टीचा उपास धरला, तर दोष छपाईचा नसतो. तिथी बरोबर छापलेली असते, फक्त ती वेगळ्या सालची असते. शिवाय चंद्रोदयाची वेळ मुंबईची वेगळी, नागपूरची वेगळी. साल आणि गाव, दोन्ही जुळलं तरच छापील वेळ कामाची.

वेब प्रोग्रॅमिंगच्या डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे एखादी भाषा किंवा साधन कसं वापरायचं हे सांगणाऱ्या लिखाणाचं, नेमकं असंच आहे. इथलं साल म्हणजे आवृत्ती, प्रोग्रॅमरच्या बोलीत व्हर्जन. इथलं गाव म्हणजे तो कोड कुठे चालणार ते ठिकाण: सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरमध्ये असेल तर कोणत्या.

पीएचपीचं अधिकृत मॅन्युअल या बाबतीत नमुनेदार आहे. प्रत्येक फंक्शनच्या नावाखाली ते कोणत्या आवृत्त्यांत आहे ते बारीक अक्षरांत दिलेलं असतं. त्या जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांची पानंही तिथे सांभाळून ठेवली आहेत, पण माथ्यावर ठळक इशारा आहे: ५.५ मध्ये नको ठरवलं, ७.० मध्ये काढलं, आता अमुक वापरा. जुनी माहिती तशीच ठेवली, तिची मुदत संपल्याचं सांगितलं आणि नवी वाटही दाखवली. त्याच पानांच्या तळाशी वाचकांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेल्या टिपा असतात. त्यांना हा नियम लागू नाही. काही टिपा सोन्यासारख्या आहेत, काही पंधरा-वीस वर्षं जुन्या. वरचा मजकूर आणि खालच्या टिपा एकाच पानावर असल्या तरी त्यांच्यावर सारखाच भरवसा ठेवू नये.

चाललं म्हणजे बरोबर?

पीएचपीचं उदाहरण त्यातल्या त्यात बरं म्हणायचं, कारण तिथे निदान एरर तरी आली. वेबपानांच्या मूळ तीन भाषा म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. यांत शिळी माहिती ओळखणं जास्त अवघड आहे, कारण ती बहुतेक वेळा चालते!

ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक पथ्य पाळलं आहे: जुनी पानं मोडायची नाहीत. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत १९९१ साली खुलं केलेलं पहिलंवहिलं वेबपान आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं. हे पथ्य वाचकाच्या फार सोयीचं आहे, पण शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडत नाही. पानावरचे दोन रकाने शेजारी-शेजारी मांडायचे असतील तर नव्वदीच्या दशकात त्यासाठी तक्ता वापरत. पुढे 'फ्लोट' नावाच्या गुणधर्माची कसरत आली, मग फ्लेक्सबॉक्स, आणि मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स, सफारी या तिन्हींत एकाच महिन्यात ग्रिड दाखल झाली. हे चारही मार्ग आजही चालतात. तक्त्यांची मांडणी शिकवणारं पान उघडून तसं करून पाहिलं तर रकाने शेजारी-शेजारी येतीलही. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मात्र ते एकाखाली एक यायला तयार होत नाहीत, आणि अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या खोट्या तक्त्यात गोंधळू शकतं. लिहिणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या लॅपटॉपवर ते चाललेलं असतं.

म्हणून पानाखालच्या 'चाललं' या प्रतिक्रिया मी पुरावा म्हणून धरत नाही. त्यांतून एवढंच कळतं, की एका माणसाच्या यंत्रावर, एका दिवशी, एका उदाहरणापुरतं चाललं.

एक तारीख, दोन गावं

हे जवळून पाहायचं तर तारखेचं उदाहरण घेऊ. पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकासाठी काम करणाऱ्यांना ते चांगलंच परिचयाचं असेल.

जावास्क्रिप्टला '२०२४-०१-१५' अशी अक्षरं दिली आणि तिची तारीख बनवायला सांगितलं, तर ती बनवते. असंख्य ट्युटोरियलं इथेच थांबतात: अक्षरं द्या, तारीख घ्या. पुण्यात करून पाहिलं तर १५ जानेवारीच दिसते. शंभरदा केलं तरी १५ जानेवारीच.

आत काय घडतं ते असं. नुसती तारीख दिली, वेळ दिली नाही, तर जावास्क्रिप्ट ती जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीची धरते. भारत त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पुण्याच्या संगणकावर ती झाली १५ तारखेची पहाट, साडेपाच वाजता. दिवस तोच, काही बिघडलं नाही. न्यू जर्सी हिवाळ्यात त्याच वेळेच्या पाच तास मागे असते. तिथल्या संगणकावर तोच क्षण म्हणजे १४ तारखेची संध्याकाळ, सात वाजता. पडद्यावर दिसते १४ जानेवारी. कुणाची जन्मतारीख एक दिवस मागे सरकते, कुणाच्या हप्त्याची मुदत. पुण्यातला प्रोग्रॅमर शपथेवर सांगतो की त्याने नीट तपासलं होतं. ते खरंही असतं.

त्यात आणखी एक गोम आहे. त्याच अक्षरांपुढे वेळही लिहिली, पण कुठल्या प्रदेशाची ते सांगितलं नाही, तर जावास्क्रिप्ट ती स्थानिक वेळ धरते. तारीख एकटी असेल तर जागतिक, वेळेसकट असेल तर स्थानिक! ही विसंगती प्रमाणग्रंथ लिहिताना झालेल्या चुकीतून आली आणि दुरुस्त करता आली नाही, कारण तोवर वेबवरची असंख्य पानं तिच्यावर विसंबून होती. एमडीएन या संदर्भस्थळावर तारखेच्या पानात हे स्वच्छ लिहिलेलं आहे, इतिहासातल्या चुकीच्या कबुलीसकट.

माझ्या मते चांगल्या डॉक्युमेंटेशनची सगळ्यात भरवशाची खूण हीच. गोष्ट कशी चालते हे कुणीही सांगतं. ती कुठे दगा देते हे सांगायला लेखकाला विषय आतून माहीत असावा लागतो. म्हणून नवं पान उघडलं की मी आधी उदाहरणं वाचत नाही. 'लक्षात ठेवा', 'मर्यादा', 'अपवाद', 'परत काय मिळतं' अशा मथळ्यांकडे नजर टाकतो. ते मथळेच नसतील तर बाकीचं पान कितीही देखणं असो, अर्धवट आहे.

याच कसोटीचं दुसरं उदाहरण 'फेच'चं. सर्व्हरकडून माहिती मागवण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये हे फंक्शन आहे. कच्ची ट्युटोरियलं शिकवतात: यश मिळालं तर इकडे जा, अपयश आलं तर तिकडे. पण फेचच्या लेखी यश म्हणजे सर्व्हरने उत्तर दिलं, एवढंच. ते उत्तर 'असं पान नाही' म्हणजे ४०४ असो, की 'आमच्याकडे बिघाड आहे' म्हणजे ५००, फेच ते यशाच्या वाटेनेच पाठवतं. अपयशाची वाट उघडते ती मुख्यतः नेटवर्कच तुटलं तर. उत्तर ठीक आहे की नाही हे वेगळं तपासावं लागतं, आणि त्यासाठी 'ओके' नावाचा एक गुणधर्म दिलेला आहे. फेच शिकवणाऱ्या पानात हा 'ओके' कुठे दिसतो का, ते शोधून पाहा. दिसला नाही तर टॅब बंद करायला हरकत नाही.

गप्प बसणाऱ्या चुका

तारीख चुकली तर आज ना उद्या कुणीतरी तक्रार करतं. सुरक्षिततेची चूक वर्षानुवर्षं गप्प बसते.

त्या लॉगइनच्या पानाकडे परत जाऊ. वापरणाऱ्याने नाव टाइप केलं, ते नाव डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात चिकटवलं आणि प्रश्न पाठवला. जुनी ट्युटोरियलं असंच शिकवतात, आणि साधं नाव टाकलं तर ते चालतं. पण एखाद्याने नावाच्या जागी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे डेटाबेसच्याच भाषेतला हुकूम टाइप केला तर? डेटाबेसला नाव कुठे संपलं आणि हुकूम कुठे सुरू झाला हे कळत नाही. तो हुकूम पाळतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय जुना आणि सोपा आहे: प्रश्नाचा साचा आधी वेगळा पाठवायचा आणि वापरणाऱ्याने दिलेला मजकूर नंतर स्वतंत्रपणे द्यायचा, म्हणजे तो काहीही असला तरी मजकूरच राहतो.

ट्युटोरियलातली ही चूक खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाते का, हे २०१७ साली संशोधकांच्या एका गटाने मोजून पाहिलं. शोधात वर येणाऱ्या ट्युटोरियलांतले सदोष नमुने त्यांनी घेतले आणि प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहब या स्थळावरच्या पीएचपीच्या ६४,४१५ प्रकल्पांत त्यांच्यासारखा कोड शोधला. त्या नमुन्यांशी घट्ट साम्य असलेल्या ११७ असुरक्षित जागा सापडल्या. एवढ्या प्रकल्पांत ११७ म्हणजे थोड्याच, असं कुणी म्हणेल. पण ही शोधाशोध मोजक्या ट्युटोरियलांपासून सुरू झाली होती, आणि हा शोध एका साध्या संगणकावर घेता आला होता. जे संशोधकांना जमलं ते चोरालाही जमेल.

पासवर्ड कसा साठवायला शिकवलं आहे तेही बघावं. पासवर्ड एमडी-फाइव्ह नावाच्या जुन्या पद्धतीने साठवा असं सांगणारं ट्युटोरियल असेल, तर लेखकाने गेल्या दशकाची दखलच घेतलेली नाही. पीएचपीत यासाठी खास, सुरक्षित फंक्शन २०१३ पासून आहे.

जबाबदारी कुणाची?

शोधात वर आलं म्हणजे चांगलं, हा समज सहज होतो. पण पानांचा क्रम लावताना त्यांच्याकडे किती ठिकाणांहून दुवे येतात हाही एक निकष असतो, आणि जुन्या पानाला दुवे जमवायला जास्त वर्षं मिळालेली असतात.

डब्ल्यूथ्रीस्कूल्सची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. नॉर्वेतल्या रेफ्सनेस डेटा या कंपनीने १९९८ मध्ये हे स्थळ सुरू केलं. नाव असं, की वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेशी त्याचं काही नातं असावं असं वाटावं. तसं नातं नाही. शोधात हे स्थळ कायम वर, आणि मजकुरात मात्र चुका. शेवटी २०११ मध्ये काही वैतागलेल्या वेब डेव्हलपरांनी 'डब्ल्यूथ्रीफूल्स' नावाचं स्थळ काढून त्या चुकांची यादीच जाहीर केली. पुढे बऱ्याच चुका दुरुस्त झाल्या आणि टीकाकारांनीही आपला सूर खाली आणला. आज पहिली ओळख करून घ्यायला ते स्थळ वाईट नाही, तिथल्या तिथे कोड बदलून बघायची सोयही झकास आहे. पण बारकावे, अपवाद, 'असं का' हे तिथे थोडक्यात उरकलेलं असतं. पाया घालायला ठीक, निवाड्यासाठी नाही.

निवाड्यासाठी एमडीएन. नेटस्केप कंपनीच्या जुन्या डेव्हलपर-संदर्भातून फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ते २००५ मध्ये उभं केलं. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल, सॅमसंग आणि डब्ल्यूथ्रीसी त्याच्या सल्लागार मंडळावर आले, आणि आपापली वेगळी पोथी लिहिण्याऐवजी सगळ्यांनी एकाच ठिकाणी भर घालायचं ठरलं. बाजारात एकमेकांचे वैरी असलेले ब्राउझरवाले एका संदर्भग्रंथावर एकत्र येतात, हे या धंद्यातलं एक दुर्मीळ शहाणपण म्हणायला हवं. पण २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे लोकांना कमी केलं, त्यात एमडीएनचे लेखकही गेले. तेव्हा कळलं, की जगभरचे प्रोग्रॅमर फुकट वाचतात त्या पानांमागे मोजकीच पगारी माणसं होती. पुढच्या वर्षी ओपन वेब डॉक्स नावाचा गट उभा राहिला, कंपन्यांनी आणि व्यक्तींनी वर्गणी दिली आणि काम पुन्हा मार्गी लागलं. पान कुणी लिहिलं याहूनही, आज ते कोण सांभाळतं आहे, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो तो यामुळे.

'अधिकृत' या शब्दावरही डोळे मिटून विसंबू नये. रिॲक्ट ही फेसबुकमध्ये जन्मलेली, वेबपानं रचायची प्रसिद्ध लायब्ररी. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिने 'हुक्स' नावाची नवी लेखनपद्धत आणली आणि थोड्याच काळात बहुतेक डेव्हलपर तिच्याकडे वळले. अधिकृत डॉक्युमेंटेशनची मुख्य प्रकरणं मात्र जुन्याच पद्धतीने शिकवत राहिली. सगळं नव्याने लिहिलेलं स्थळ अवतरलं मार्च २०२३ मध्ये. मधली चार वर्षं नवशिक्याने अधिकृत पान प्रामाणिकपणे वाचलं तर तो नोकरीच्या मुलाखतीत मागासलेला ठरावा, अशी परिस्थिती! नवं स्थळ मात्र खरोखर उत्तम आहे. उदाहरण पानातच चालवून बघता येतं, आणि एखादी सोय कधी वापरू नये यावर तिथे अख्खी प्रकरणं आहेत.

पान वाईट, की चुकीच्या जातीचं?

पुष्कळदा डॉक्युमेंटेशनवर अन्यायही होतो. डॅनिएल प्रोचिदा या लेखकाने अशा लिखाणाच्या चार जाती सांगितल्या आहेत आणि डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांत ती विभागणी बरीच मान्य झाली आहे. बोट धरून शिकवणारं ट्युटोरियल, नेमकं एक काम कसं करायचं ते सांगणारी कृती, प्रत्येक भाग नोंदवणारा संदर्भ आणि 'असं का केलं' ते उलगडणारं विवेचन. नवशिका संदर्भाचं पान उघडतो आणि 'डॉक्स फार अवघड आहेत' म्हणून व्हिडिओकडे पळतो. अनुभवी माणूस ट्युटोरियल उघडतो आणि पाल्हाळाला कंटाळतो. पान दोघांनाही चुकीच्या जातीचं मिळालेलं असतं.

पायथन भाषेतल्या जँगो या साधनाचं डॉक्युमेंटेशन उगाच नावाजलं जात नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत हे साधन तयार झालं आणि २००५ मध्ये खुलं झालं. बातमीदारांच्या शेजारी बसून काम केल्यामुळे असेल, पण नीट लिहिणं हा कामाचाच भाग आहे हे त्या मंडळींनी सुरुवातीपासून मानलं. डॉक्सच्या पहिल्या पानावरच या चारही जाती कुठे सापडतील ते सांगितलेलं आहे. कोपऱ्यात आवृत्ती निवडायची सोय आहे. कालबाह्य आवृत्तीचं पान उघडलं तर माथ्यावर सूचना येते: ही आवृत्ती असुरक्षित आहे, तिला आता आधार मिळत नाही, पुढची घ्या.

चौकट: पान पारखताना

• साल: कोणत्या आवृत्तीबद्दल आहे ते लिहिलंय का? शीर्षकात चालू वर्ष घालणं सोपं असतं. मजकुरात आवृत्तीचा आकडा शोधा.

• गाव: कुठे चालतं, कुठे नाही? एमडीएनच्या पुष्कळ पानांच्या माथ्यावर 'बेसलाइन'ची खूण असते. सगळ्या मुख्य ब्राउझरांत नुकतं आलं, की तीस महिने उलटून मुरलं, ते तिच्यावरून कळतं.

• अपयश: चुकलं तर काय होतं, हे सांगितलंय का?

• धागा: मूळ मानकाकडे किंवा अधिकृत पानाकडे दुवा आहे का?

• सुरक्षितता: वापरणाऱ्याचा मजकूर थेट डेटाबेसच्या प्रश्नात चिकटवला असेल तर पुढे वाचू नका.

• शेवटी कोड चालवा, आणि मग मुद्दाम चुकीची माहिती घालून पुन्हा चालवा.

चौकटीतल्या 'साला'बद्दल एक पुस्ती. एमडीएनच्या पानाच्या तळाशी 'शेवटचा बदल अमुक दिवशी' असं असतं, पण तो बदल एखाद्या स्वल्पविरामाचाही असू शकतो. तिथूनच गिटहबवर गेलं तर कोणी काय बदललं याचा सगळा इतिहास दिसतो. आणि जुनं म्हणजे टाकाऊ असंही नाही. 'फॉर' लूप कसं फिरतं हे सांगणारं वीस वर्षांपूर्वीचं पान आजही खरं आहे. शिळं लवकर होतं ते साधनांबद्दलचं आणि सुरक्षिततेबद्दलचं लिखाण.

आणि एआयचं उत्तर?

आता पुष्कळ विद्यार्थी पान उघडतच नाहीत, एआयला विचारतात. उत्तर सफाईदार येतं, त्याच विद्यार्थ्याच्या कोडमधल्या नावांसकट. पण वरच्या चौकटीतल्या प्रश्नांपुढे ते ठेवून पाहा. त्यावर तारीख नसते. आवृत्ती आपण विचारली नाही तर बहुधा सांगितली जात नाही. सांभाळणारा माणूस तर नसतोच. वेबवरच्या सगळ्या सालच्या पानांवर ते शिकलेलं असतं, त्यामुळे २००९ ची पद्धत आणि २०२३ ची पद्धत एकाच उत्तरात शेजारी-शेजारी बसू शकतात.

डिसेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आल्यावर काही दिवसांतच, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या स्थळाने त्याची उत्तरं तिथे टाकायला बंदी केली. कारण त्यांनी असं दिलं, की ही उत्तरं दिसायला बरोबर वाटतात, पण चुकीची असण्याचं प्रमाण फार आहे. २०२३ मध्ये खुद्द एमडीएनने कोडच्या उदाहरणांशेजारी 'समजावून सांग' असं एआयचं बटण बसवलं. स्पष्टीकरणांत चुका असल्याच्या तक्रारी आल्या आणि ते थोड्याच दिवसांत काढून घ्यावं लागलं. ही साधनं तेव्हापासून बरीच सुधारली आहेत, मीही ती वापरतो. फक्त विचारताना आवृत्ती सांगतो, आणि उत्तरात जे फंक्शन येईल त्याचं अधिकृत पान उघडून बघतो. तेवढं एक मिनिट वाचवू नये.

मराठीत काय आहे?

मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे दृक्-श्राव्य पाठ आहेत, त्यातले बरेच मराठी निवेदनासह मिळतात, आणि पहिली भीती घालवायला त्यांचा चांगला उपयोग होतो. तिथेही पाठ कोणत्या आवृत्तीवर ध्वनिमुद्रित केला आहे ते पाहूनच पुढे जावं. संदर्भासाठी मात्र इंग्रजीला पर्याय नाही. एमडीएन आज फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, जपानी, कोरियन आणि चिनी भाषांत वाचता येतं. त्यात एकही भारतीय भाषा नाही. यातल्या बहुतेक भाषा टिकल्या, कारण पानं गिटहबवर गेली तेव्हा त्यांना सांभाळणारी माणसं होती.

पण इंग्रजी पानाला हात लावायला कुणाची मनाई नाही. एमडीएनच्या प्रत्येक पानाच्या तळाशी 'या मजकुरात अडचण आहे का, कळवा' असा दुवा असतो, आणि गिटहबवर जाऊन स्वतः दुरुस्ती सुचवता येते. ती तपासायला पलीकडे माणसं बसलेली आहेत. तारखेच्या उदाहरणात तुम्ही अडकला असाल, एखादं वाक्य तीनदा वाचूनही कळलं नसेल, उदाहरण चाललं नसेल, तर वैतागून टॅब बंद करण्याआधी तो दुवा दाबा आणि काय अडलं ते दोन ओळींत लिहून पाठवा.